लग्न लागेपर्यंत चाक सरळ

एका गावात एक भोळा मिस्त्री होता. खरं म्हणजे मिस्त्री त्याचा बाप होता. हा नुसता भोळा होता. नाव सुबराव.

गाव कासारमाळ. बाप हिंदुराव मिस्त्री. आसपासच्या गावात ट्रॅक्टर, जीप, टेंपो, काहीही बंद पडलं की हिंदुरावांच्या गॅरेजात यायचं. हिंदुराव नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगत. पोराचं दुखणं मात्र त्यांना अजून सापडलं नव्हतं. सुबराव आळशी नव्हता, उद्धट नव्हता, खोटं तर कधीच बोलत नव्हता. सांगितलेलं सगळं ऐकायचा. तेच दुखणं होतं.

एकदा हिंदुरावांनी त्याला शिस्त लावायची ठरवली. म्हणाले, "जे जिथनं काढलंस ते परत तिथंच ठेवायचं. इकडं-तिकडं टाकायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी सरपंचांची जीप पंक्चर झाली. सुबरावनं चाक खोललं, खिळा उपटला, ट्यूबला ठिगळ लावलं, हवा भरली. आणि मग तो खिळा जिथनं काढला होता तिथंच हातोडीनं परत ठोकला. सरपंच कोपऱ्यापर्यंत पोचले.

"आरं, खिळा कशाला परत घातलास?" हिंदुराव ओरडले.

"तिथलाच हुता, आबा."

हिंदुरावांनी डोक्याला हात लावला. सुबरावनंही लावला. बाप करतो ते पोरानं करावं, असंही त्याला कधीतरी कुणीतरी सांगितलेलं होतं.

तर या सुबरावच्या धाकट्या बहिणीचं, सायलीचं, लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, नाव ऋतुराज. मोठ्या कंपनीत होता. तिथं काय करतो ते कासारमाळात कुणाला कळलं नव्हतं, पण इंग्रजीत करतो एवढं कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. मुहूर्त निघाला गोरजाचा, म्हणजे दिवस मावळायच्या वेळचा. भटजींनी पंचांग मिटताना बजावलं, "हा टळला तर मग थेट तुळशीच्या लग्नानंतर. मध्ये काही नाही." तेव्हापासून घरातला प्रत्येकजण उठता-बसता घड्याळाकडं बघत होता.

लग्नादिवशी सकाळी सायलीनं सुबरावचा हात धरला.

"दादा, आज आबा सांगतील तेवढंच कर. जास्त काही करू नकोस."

"आन् कमी?"

"कमी पण नको."

सुबरावच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळ्या घरात त्याच्याशी न ओरडता बोलणारी ही एकच होती. तिच्या लग्नात आपल्या हातून काही बिघडू नये, यापलीकडे त्या दिवशी त्याला जगाकडून काही नको होतं.

दुपारी वऱ्हाड आलं. वऱ्हाड बसनं आलं. नवरदेव मात्र तांबड्याभडक स्पोर्ट्स कारमधून आला. गाडी मित्राची होती, ऐट स्वतःची होती. ती जमिनीला इतकी चिकटून चालायची की गावातल्या कोंबड्यांनी खिडकीतून आत डोकावून बघितलं. कासारमाळात रस्ते कमी आणि गतिरोधक जास्त. प्रत्येक गतिरोधकापाशी वऱ्हाडातल्या माणसांनी उतरून गाडी उचलायची आणि पलीकडं ठेवायची, अशी ती वाऱ्याच्या वेगानं धावणारी गाडी आली. तोवर बसमधल्यांचा चहा पिऊन झाला होता.

जानवसा शाळेत दिला होता. नवरदेवानं शाळेसमोर गाडी उभी केली, किल्ली काढली आणि फोनची बॅटरी संपेपर्यंत स्वतःचे फोटो काढले. मग उतरायला निघाला. पण गाडी इतकी खाली आणि नवरदेव इतका सुखवस्तू की उठता येईना. त्यानं स्टेअरिंगला धरून अंग वर ओढलं. आतून खट्ट असा आवाज आला.

आता यात विशेष काही नाही. किल्ली काढल्यावर चाक फिरलं की आतला खुंट खाचेत बसतो आणि स्टेअरिंगला कुलूप लागतं. चोरानं गाडी नेऊ नये म्हणून ही सोय. पण या गाडीचं कुलूप आधीच बिघडलेलं होतं. मित्रानं देताना सांगितलंही होतं, पण शहाण्या माणसाला सगळंच ऐकून घ्यावं लागत नाही. स्टेअरिंग हलेना. किल्ली फिरेना.

नवरदेवाचे मामा पुढं आले. विश्वासमामा. कुठल्याही लग्नात रुसायला एक माणूस लागतो, त्या कामाला ते पुण्याहून आले होते.

"नवरदेव मांडवात येईल तर याच गाडीतून येईल," मामांनी जाहीर केलं. "वरून शूटिंग घ्यायला ड्रोनवाला आणलाय. तो काय बैलगाडीचं शूटिंग घेणार? आणि मुलीचा बाप मिस्त्री आहे ना? मग करा की दुरुस्त!"

मुलीचा बाप मिस्त्री होता, पण त्या घटकेला तो मांडवात पाटावर बसला होता. देवक बसत होतं. सकाळपासून पोटात अन्न नाही, उपरण्याची गाठ बायकोच्या पदराला मारलेली, आणि भटजींनी बजावलेलं की विधी संपेपर्यंत उठायचं नाही, लोखंडाला हात लावायचा नाही. गॅरेजातला दुसरा मिस्त्री आचाऱ्याच्या हाताखाली बुंदी पाडत होता. त्याला उठवलं असतं तर बुंदी करपली असती. लग्नात नवरदेवाला उशीर झालेला चालतो, बुंदी करपलेली चालत नाही.

हिंदुरावांनी गाठीकडं बघितलं. भटजींकडं बघितलं. मग दुसरं कुणी उरलंच नाही म्हणून सुबरावकडं बघितलं.

"हिकडं ये. नीट ऐक. किल्लीला जोर लावायचा न्हाई, मोडंल. आडलं की हलवायचं. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं. हलवत ऱ्हायचं. आपसूक सुटतंय."

"आडलं की हलवायचं," सुबराव म्हणाला आणि पळाला.

शाळेच्या फाटकात विश्वासमामा खुर्ची टाकून बसले होते. सुबरावला बघून त्यांनी आवाज चढवला.

"सांग तुझ्या बापाला! गाडी सुरू झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही! तसूभर हलणार नाही!"

सुबराव थबकला. हे तर आधीच अडलेलं होतं. त्यानं मामांचे दोन्ही खांदे धरले. जोर लावला नाही. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं. मामांचा चष्मा डावीकडं गेला. टोपी उजवीकडं गेली. तोंडातला विडा कुठं जावं ते न कळून सदऱ्यावर उतरला. सुबराव हलवत राहिला. शेवटी मामा खुर्चीतून उसळले आणि बोंब मारत मांडवाकडं पळाले.

"सुटलं," सुबराव म्हणाला. बापाची विद्या खरी ठरली म्हणून त्याला बरं वाटलं. त्यानं गाडीकडं एक नजर टाकली आणि बापाला सांगायला परत गेला.

मांडवात हिंदुराव बसल्या जागी मामांपुढं हात जोडत होते. मामा लालेलाल. काही रागानं, काही विड्यानं.

"आरं, पावण्याला हालवलंस व्हय?"

"हालणार न्हाई म्हणत हुते."

"माणसाला असा हात लावायचा न्हाई, लेका! आधी हात जोडायचे. इचारायचं. व्हय म्हटलं तरच हात लावायचा, न्हाईतर लांब उभं ऱ्हायचं. डोक्यात गेलं का?"

"गेलं, आबा."

डोक्यात खरंच गेलं होतं. सुबराव शाळेत आला, गाडीसमोर उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"बाई, हात लावू का?"

गाडी काही बोलली नाही. सुबराव लांब उभा राहिला.

नवरदेव आत बसून कंटाळला होता. म्हणाला, "अहो, लावा ना हात! कधीचा थांबलोय मी."

"तुम्हास्नी न्हाई इचारलं. तिला इचारलंय."

वऱ्हाडातल्या एका मावशींनी हे बघितलं. मिस्त्रीच्या पोरानं गाडीपुढं हात जोडलेत म्हणजे काहीतरी दैवी असणार. त्यांनी पिशवीतून हळद-कुंकू काढून गाडीच्या नाकाला लावलं. दुसरीनं चाकाखाली लिंबू ठेवलं. तिसरीनं नारळ फोडला. मग रांग लागली. शिकलेल्या पोरींनीही पटापट नमस्कार करून घेतला, न जाणो, जागृत असायची. सुबराव मधे हात जोडून उभाच. दर थोड्या वेळानं विचारायचा, "बाई, हात लावू का?" आणि मागच्या बायका म्हणायच्या, "बाई, पाव गं!" ऊन शाळेच्या भिंतीवरून खाली उतरलं. गाडीचं तेवढं समाधान झालं. कुलपाचं झालं नाही.

सुबराव हिरमुसला होऊन मांडवात आला.

"आबा, ती बोलंना."

"कोण बोलंना?"

"गाडी."

हिंदुरावांनी डोळे मिटले. भटजींना वाटलं यजमान ध्यान करतायत, म्हणून त्यांनीही एक मंत्र लांबवला. शेजारी बसलेली सुबरावची आई पदर ओढून म्हणाली, "अवो, तुम्हीच जाऊन बघा की." हिंदुराव म्हणाले, "जातो की. गाठ बांधलीय, तूबी चल माझ्यासंगं. तू पान्हा धर, मी बोल्ट खोलतो." तिनं पदर सोडून दिला.

"सुबराव, गाडी बोलत नसती. ऐक. शाळंत पेन्सिली आसत्यात. पेन्सिलीचं शिसं काढ, बारीक पूड कर, आन् आडकल्या जागंत फुंक. तेल घालू नगंस, धूळ धरतंय. काळी पूड घातली की कसलंबी आडकलेलं सुटतंय."

"कसलंबी?"

"कसलंबी!" हिंदुराव वैतागून म्हणाले. तिथं ते चुकले. पण सकाळपासून उपाशी असलेला माणूस शब्द कुठवर निवडणार?

सुबरावनं शाळेतल्या कपाटातून मूठभर पेन्सिली घेतल्या. पायरीवर बसून पाट्यावर मसाला वाटावा तशी पूड केली. ओंजळीत घेऊन, वाऱ्यानं उडू नये म्हणून पाठमोरा चालत, तो गाडीपाशी आला. तेवढ्यात गाडीमागून नवरदेवानं हाक मारली. नवरदेव मघाशी चौघांच्या मदतीनं बाहेर निघून जरा आडोशाला जाऊन आला होता. पुण्याच्या रिवाजाप्रमाणे त्यानं पांढराशुभ्र सूट घातला होता.

"अहो, जरा इकडे या. हळू. पँटची चेन अडकलीय. ना वर जातेय, ना खाली. गाडीचं नंतर बघा, आधी हे काहीतरी करा."

सुबरावनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा चेनकडं. कसलंबी, असं आबा म्हणाले होते. त्यानं ओंजळ पुढं केली आणि गाल फुगवून फुंकली.

चेन सुटली. खरंच सुटली. इतकी सुटली की परत बसायचं नावच घेईना. आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरा सूट असा झाला की नवरदेव कोळशाच्या वखारीतून लग्नाला आल्यासारखा वाटत होता. एका करवलीनं सेफ्टी पिन दिली, ती वाकडी झाली. शेवटी नवरदेवानं हातात नारळ धरला. नवरदेवानं नारळ धरायचाच असतो, फक्त इतका खाली कुणी धरत नाही.

विश्वासमामा आता फुटायच्या बेतात होते. "बसमध्ये बसा सगळे!" ते ओरडले. "सूर्य मावळायच्या आत गाडी सुरू झाली नाही तर वऱ्हाड परत!" आजपर्यंत मामांनी प्रत्येक लग्नात हे वाक्य म्हटलं होतं. पण या वेळी बसच्या ड्रायव्हरनं खरंच गाडी सुरू केली.

ही बातमी मांडवात पोचली तेव्हा सायली नेसून, नटून, मुंडावळ्या बांधून आतल्या खोलीत बसली होती. सुबराव धापा टाकत आला तेव्हा ती दारात आली.

"दादा, झालं का रे?"

"व्हतंय," सुबराव म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं मान खाली घातली. सायलीच्या डोळ्यांतलं काजळ फिसकटलं होतं. ते बघून सुबरावचं काळीज तुटलं. त्याला कळत होतं की हे सगळं आपल्यामुळं होतंय. कसं होतंय तेवढं मात्र कळत नव्हतं. त्यानं तर सगळं सांगितल्याप्रमाणं केलं होतं.

हिंदुराव आता ओरडले नाहीत. त्यांनी पोराला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांचा हळू आवाज सुबरावनं जन्मात पहिल्यांदा ऐकला, म्हणून त्याला जास्तच भीती वाटली.

"बाळा, आता आपली लाज तुझ्या हातात हाय. गाडीत बस. एका हातानं स्टेअरिंग झुलवायचं, दुसऱ्या हातानं किल्ली फिरवायची. दोन्ही एकदम. मधी कुणी काय बोललं तरी ऐकायचं न्हाई. नवरदेवाचं न्हाई, मामाचं न्हाई, देव आला तरी न्हाई. काम पुरं हुईस्तवर फकस्त माझं ऐकायचं."

सुबराव गेला. वाटेत आचाऱ्यानं हाक मारली, ऐकलं नाही. बँडवाल्यानं विचारलं वाजवू का, ऐकलं नाही. मामा म्हणाले हात लावू नकोस, ऐकलं नाही. तो गाडीत बसला. एका हातानं स्टेअरिंग झुलवलं, दुसऱ्या हातानं किल्ली फिरवली.

खट्ट.

स्टेअरिंग लोण्यासारखं फिरलं. गाडी अशी गुरगुरली की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. वऱ्हाडी बसमधून खाली उतरले. ज्या बायकांनी हळद-कुंकू वाहिलं होतं त्या एकमेकींकडं बघून म्हणाल्या, "बघा, पावली की नाही!" सुबरावचं नाव कुणी घेतलं नाही. तो किल्ली तशीच ठेवून बापाला सांगायला मांडवात पळाला.

हिंदुरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. देवक बसलं होतं, पण कन्यादानाचे विधी राहिले होते, म्हणून त्यांनी बसल्या बसल्याच पोराची पाठ थोपटली.

"शाबास रं माझ्या वाघा! आता एवढंच कर. त्या कुलपाचा भरवसा न्हाई, परत लागंल. तवा लग्न लागंपर्यंत किल्ली काढायची न्हाई. गाडी बंद पडू द्यायची न्हाई, रेस देत ऱ्हायची. आन् चाक सरळ ठेवायचं, उगं वळवायचं न्हाई. एकदा लग्न लागलं की मग खुशाल वळीव, काढ, काय वाट्टंल ते कर."

"लग्न लागंपर्यंत चाक सरळ," सुबरावनं घोकलं.

हिंदुरावांना म्हणायचं होतं की गाडी उभी असताना वळवायचं नाही. पण आनंदात माणसाचे एकदोन शब्द गळतात. एरवी त्यानं काही बिघडत नाही. समोर सुबराव नसला म्हणजे.

शाळेतून वरात निघाली. नवरदेवानं स्वतः गाडी हाकायची नसते, म्हणून सुबराव चालवायला बसला. "ज्याच्या हाताला गुण आला त्यालाच बसवा," मामाच म्हणाले. याची पुढं कुणी आठवण करून दिलेली त्यांना आवडायची नाही. नवरदेव शेजारी बसला. एका हातानं नारळ धरायचा, दुसऱ्या हातानं लोकांना हात करायचा. पुढं बँड, बँडमागं नाचणारी पोरं, त्यांच्यामागं करवल्या, मग गाडी. वर ड्रोन भिरभिरत होता. दिवस मावळतीला टेकला होता आणि सगळं अगदी वेळेवर चाललं होतं.

शाळेपासून चावडीपर्यंत रस्ता सरळ. चावडीपाशी उजवीकडं वळलं की मांडव. बँड वळला. पोरं नाचत वळली. करवल्या वळल्या. मामाही रुसवा विसरून, दोन बोटं वर करून, वळले.

गाडी सरळ गेली.

"अहो," नवरदेव म्हणाला, "मांडव उजवीकडे राहिला."

"राहू दे."

"राहू दे काय? वळवा!"

"चाक वळवायचं न्हाई. लग्न लागलं की वळवतो."

"अहो, पण वळल्याशिवाय लग्न कसं लागणार?"

सुबरावनं क्षणभर विचार केला. "ते आबास्नी इचारा."

"आबा कुठे आहेत?"

"मांडवात."

"मग वळवा की!"

"चाक वळवायचं न्हाई," सुबराव म्हणाला आणि गाडी बंद पडू नये म्हणून त्यानं रेस दिली.

चावडीपुढं कालव्याचा रस्ता लागतो. कालवा सरळ, म्हणून रस्ताही सरळ. गतिरोधक एकही नाही. त्या बिचाऱ्या स्पोर्ट्स कारला कासारमाळात आल्यापासून पहिल्यांदा पळायला जागा मिळाली होती, ती पळाली. मागं ओरडणारी माणसं बारीक होत होत दिसेनाशी झाली. ड्रोन थोडा वेळ गाडीमागून उडाला, मग त्याच्या मालकाच्या हातून सुटला आणि उसात जाऊन पडला. नवरदेवानं स्टेअरिंगला हात घातला. सुबरावनं तो अलगद बाजूला केला. "दाजी, हात लावू नका, आडकंल." नवरदेवानं धमकावून बघितलं, विनवून बघितलं, शेवटी इंग्रजीतही बोलून बघितलं. काम पुरं होईस्तवर कुणाचं ऐकायचं नाही, हे सुबरावच्या डोक्यात पक्कं होतं.

कालव्याचा रस्ता संपतो ते गाव दुधाळवाडी. तिथंही गोरजाचंच लग्न होतं. मुहूर्त सगळ्यांना एकच मिळतो. आणि आपल्याकडची रीत, रस्ता सरकारी असला तरी मांडव घरचा, तेव्हा मांडव बरोबर रस्त्याच्या मधोमध घातलेला. सुबरावची गाडी सरळ येऊन त्या मांडवाच्या कमानीसमोर उभी राहिली. समोर माणसं होती म्हणून त्यानं ब्रेक मारला. रेस मात्र चालू ठेवली.

असली तांबडी, गुरगुरणारी गाडी दारात आल्यावर दुधाळवाडीकरांचा एकच समज होणं शक्य होतं. कुणीतरी मोठा माणूस आलाय. मुलीचे वडील धावत आले. नवरदेवाला चौघांनी आदबीनं बाहेर काढलं. हा कोण, हे कुणी विचारलं नाही, कारण मोठ्या माणसाला असं विचारायचं नसतं. माईकवरच्या माणसानं तर नंबरप्लेटवरून पुणं ओळखलं आणि विचारायची वाटही बघितली नाही.

"आजच्या या शुभ प्रसंगी, आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढून, खास पुण्याहून उपस्थित राहिलेले सुप्रसिद्ध उद्योगपती माननीय साहेब यांचं मी वधूवरांच्या वतीनं सहर्ष स्वागत करतो. साहेबांनी सत्कार स्वीकारावा अशी मी विनंती करतो!"

"अहो, मी..." नवरदेव म्हणाला.

"साहेब मूळचेच साधे आहेत!" माईकवाला म्हणाला. टाळ्या पडल्या.

आता त्याच वेळी नवरदेव ओरडून सांगू शकला असता की माझं लग्न शेजारच्या गावात खोळंबलंय. पण त्याच्या मुंडावळ्यांवरूनच कुणीतरी भरजरी फेटा चढवला. गळ्यात हार पडला. हातातला नारळ काढून घेऊन दुसरा, मोठा नारळ दिला. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर नेऊन बसवलं, आमदारांच्या शेजारी. कंपनीत कधी त्याला कुणी माननीय म्हटलं नव्हतं. तो मनात म्हणाला, दोन मिनिटं बसू, मग सांगू. तेवढ्यात मंगलाष्टका सुरू झाल्या आणि मंगलाष्टका चालू असताना उठणं बरं दिसत नाही.

सुबराव गाडीतून मान उंच करून सगळं बघत होता. शेवटचं शुभमंगल सावधान झालं. अक्षता उडाल्या. बँड वाजला, फटाके लागले. एक मूठ अक्षता वाऱ्यानं त्याच्याही डोक्यावर पडली.

"लागलं," सुबराव म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं खाली उतरून नवरदेवाला सोफ्यावरून उठवलं, गाडीत बसवलं, चाक पूर्ण फिरवलं आणि एका दमात, कुठंही न आपटता, गाडी वळवली. बाप बघायला हवा होता, असं त्याला वाटलं.

कासारमाळच्या मांडवात दिवे लागले होते. सूर्य गेला होता, गोरज गेला होता, भटजी पंचांगाची पानं उगाच पुढं-मागं करत होते. वऱ्हाडी आणि गावकरी एकमेकांकडं न बघता उभे होते. हिंदुराव पाटावर मान घालून बसले होते. विश्वासमामांना रुसायला एवढं मोठं कारण आयुष्यात कधी मिळालं नव्हतं आणि ते इतकं मोठं होतं की त्यांना नीट रुसताही येईना. सायली मांडवाच्या तोंडाशी येऊन रस्त्याकडं बघत होती.

तेवढ्यात गाडी चावडीवरून झोकात वळली आणि मांडवासमोर थांबली.

आतून नवरदेव उतरला. गळ्यात हार, डोक्यावर नवा फेटा, फेट्यात अक्षता, हातात पेढ्यांचा बॉक्स. सगळा मांडव त्याच्याकडं बघत राहिला. एक बाई मटकन खाली बसली. 

सुबरावनं गाडी बंद केली. किल्ली काढली. बापासमोर जाऊन ती पूजेच्या ताटात ठेवली आणि छाती काढून उभा राहिला.

"चाक एकदाबी वळवलं न्हाई, आबा. लग्न लागल्यावरच वळवलं."

"लग्न?" हिंदुरावांनी मान वर केली. "लागलं?"

"लागलं की. मी डोळ्यांनी बघितलं. अक्षतापण पडल्या."

सायली पुढं आली. तिनं नवरदेवाकडं बघितलं, फेट्यातल्या अक्षतांकडं बघितलं, मग भावाकडं वळली.

"दादा," ती म्हणाली, "कुणाचं?"

सुबरावनं डोकं खाजवलं. सकाळपासून सांगितलेलं सगळं त्यानं पहिल्यापासून एकदा आठवून बघितलं.

"ते आबांनी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.